साकीनाक्याचं पाणी

मी आयुष्यभर लोखंडाला पाणी दिलं. हे वाक्य मी एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मराठीच्या प्राध्यापकांना सांगितलं, तर त्यांनी जिलबीचा घास थांबवून ‘वा, काय प्रतिमा आहे!’ असं म्हटलं. प्रतिमा-बितिमा काही नाही. साकीनाक्याला माझा दहा बाय पंधराचा गाळा होता. त्यात एक भट्टी, एक ऐरण आणि पाण्याचं एक पिंप. पोलाद लाल करून पिंपात बुडवलं की ते कडक होतं, पण इतकं ठिसूळ की हातातून पडलं तरी तुटेल. म्हणून ते पुन्हा हलकेच तापवायचं. मग त्यावर रंग चढत जातात. आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. कुठल्या रंगावर हात थांबवायचा हे ज्याला कळलं त्याला धंदा कळला. याला आम्ही पाणी देणं म्हणतो.

माझी खासियत छिन्नी. आसपासच्या कारखान्यांतले फिटर मुद्दाम माझ्याकडे यायचे. प्रत्येक छिन्नीवर मी ‘द’ असा ठसा मारायचो. द म्हणजे दत्ताराम. देवाने मला दोन व्यसनं दिली, एक तपकीर आणि दुसरं कौतुक. तपकीर सुटली.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. एका शनिवारी दुपारी इस्त्रीच्या शर्टातला एक बारीक माणूस गाळ्यात आला. बँकेत कारकून होता, मुलुंडला राहायचा, नाव अरविंद. त्याने डब्याच्या पिशवीतून वीतभर लांबीची एक जाड पट्टी काढली. एक टोक निमुळतं, दुसऱ्या टोकाला भोक.

“अशी करून मिळेल? ही परदेशी आहे.”

“गेटाला की खिडकीला?”

“कड्याला. फटीत ठोकायची, भोकात कडी अडकवायची, कडीत दोर. याला मेख म्हणतात. चढताना माणूस पडला तर या मेखेवर लटकतो.”

“कोण माणूस?”

“मी,” तो म्हणाला.

मी त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. पंचावन्न किलो, चष्म्यासकट. म्हटलं, एवढं वजन तर माझी छिन्नीसुद्धा पेलेल. ट्रकच्या स्प्रिंगची मोडकी पट्टी भंगारातून आणली, कापली, ठोकली, जांभळ्यावर पाणी दिलं आणि ‘द’चा ठसा मारला. पुढच्या शनिवारी त्याने मेख हातात घेतली आणि परदेशी मेख माझ्याच भंगाराच्या ढिगात टाकली. हे केलं नसतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी त्याचा गुलाम झालो.

तो म्हणाला, ज्याने मेख केली त्याने ती ठोकताना एकदा ऐकायला हवी. म्हणून एका रविवारी मला बोरिवलीच्या जंगलातल्या कातळावर घेऊन गेला. आपला सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे ऐरणच. अरुंद फटीत मेख ठोकली की पहिल्या घावाला आवाज येतो खर्जातला, मग प्रत्येक घावाला सूर चढत जातो आणि शेवटी ती टणटणीत गाऊ लागते. गायला लागली की बसली. मी तिथेच उभ्याउभ्या सांगितलं की ही तिसरी मेख नीट बसलेली नाही, आणि अरविंदने ओढून बघितली तर ती खरोखरच हलत होती. त्या दिवसापासून तो वर चढायचा, मी खालून ऐकायचो. मेख ठोकून झाली की तो विचारायचा, “दत्ता, कशी बसली रे?” मी म्हणायचो “झकास” किंवा म्हणायचो “काढ ती.” हळूहळू मीही चढायला लागलो. आमच्या आईला हे कळलं तेव्हा ती कांजूरच्या चाळीत सगळ्यांसमोर ओरडली, “कड्यार चडान काय गावतला रे तुका? माकडांका तरी वर फळां गावतत!”

आता क्लबविषयी. नाव लिहीत नाही, कारण पदाधिकारी हयात आहेत आणि त्यांची संख्या मोठी आहे. त्या काळात उपनगरांत दर स्टेशनामागे एक गिर्यारोहण क्लब होता. सह्याद्रीतला प्रत्येक कडा कुणी ना कुणी ‘प्रथमच’ सर केलेला होता. काही कडे तर तीन-तीन क्लबांनी प्रथमच सर केले होते. आमच्या क्लबला प्रथमच करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा अरविंदने बँकेतल्या एका कॅलेंडरवर राजस्थानच्या वाळवंटातली एक तांबडी भिंत पाहिली. खडक वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड. उंची सातशे फूट असावी. कॅलेंडरमध्ये ती बोटाएवढी होती, त्यामुळे कार्यकारिणीने ती एकमताने मंजूर केली.

मोहिमेला पुरस्कर्ते लागतात. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब यांचा लोणच्यांचा कारखाना होता. भाऊसाहेब आयुष्यात लिफ्ट बंद असल्याशिवाय कधी चढले नव्हते, पण माणूस दिलदार. अरविंदने त्यांना पत्र लिहिलं की भिंत सात पिचची आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. एवढी मोठी भिंत एका दोराच्या लांबीत संपत नाही. पहिला माणूस दोराच्या लांबीइतकं चढतो, कुठेतरी टेकायला जागा बघून स्वतःला बांधून घेतो आणि मागच्यांना वर घेतो. हा झाला एक पिच. मग पुन्हा तेच. पण मुंबईत पिच या शब्दाचा दुसरा अर्थ शेंबड्या पोरालाही माहीत असतो. भाऊसाहेब क्रिकेटचे भक्त. सात पिच म्हटल्यावर त्यांनी पत्र पुढे वाचलंच नाही, सही केली आणि मोहिमेचा बॅनर स्वतःच्या पेंटरकडून रंगवून घेतला. ‘वाळवंटात सात पिच! ऐतिहासिक मोहीम!’ आणि खाली पुढे वाकून फटका मारणारा एक फलंदाज, त्याच्या बॅटवर लोणच्याची बरणी. नवीन बॅनर करायला वेळ नव्हता. तोच गेला.

मोहिमेच्या लेटरहेडवर अकरा नावं होती, चढणारे तीन. नेता अरविंद. तांत्रिक सल्लागार मी, कारण साठ मेखा मी केल्या होत्या. आणि सर्वांत शेवटी ‘सामान व्यवस्था’ म्हणून हरेश्वर कोळी. हरेश्वर वेसाव्याचा. त्यांच्या होडीच्या नांगराचं तोंड वाकडं झालं की माझ्याकडे आणायचा, तसा तो आमच्यात आला. चढायला माकडासारखा, पण बोलायला कंजूष. त्याच्या खांद्यावर कायम होडीच्या जुन्या जाड नायलॉन दोराचे तुकडे असायचे. प्रत्येक तुकड्याचा फास केलेला आणि फासाच्या टोकाला मुठीएवढी गाठ. कातळात वरून रुंद, खालून निमुळती फट दिसली की तो ती गाठ वरून आत सोडायचा आणि बोटाने खाली चेपायचा. आम्ही हसायचो. मी तर जास्तच. म्हणायचो, हऱ्या, हा कडा आहे, पापलेट नाही.

“हसा,” तो म्हणायचा, “दोराची लाज नाय मना.”

भिंतीखालच्या गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक आम्हाला अजून ओळखतील. मेखांची दोन पोती उंटावर चढवली तेव्हा उंटाने माझ्याकडे असं काही बघितलं की मी नजर चुकवली. भाऊसाहेब जीपमधून आले, सोबत फोटोग्राफर. भिंतीच्या पायथ्याशी बॅनर बांधला, नारळ फोडला. गावातले फेटेवाले म्हातारे सावलीत ओळीने बसले. त्यातल्या एकाने मला अदबीने विचारलं, “मैच कब चालू होगा?” मी म्हटलं, मॅच नाही बाबा, चढना है. त्याने बॅनरकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं आणि सगळी ओळ उठून आणखी जवळ येऊन बसली.

पहिली मेख अरविंदने भाऊसाहेबांच्या हस्ते ठोकून घेतली. जमिनीपासून चार फुटांवर, फोटोसाठी. भाऊसाहेबांनी हातोडा मारला आणि मी ऐकलं.

भद.

दुसरा घाव, भद. तिसरा, भद. सूर चढेना. मेख आत जात होती, पण लोण्यात सुरी जावी तशी. टाळ्या झाल्या, फोटो झाला, मंडळी पांगली. मी एकटाच मागे राहिलो आणि ती मेख हाताने ओढली. ती आली. फटीच्या कडेवरून चिमूटभर तांबडी वाळू माझ्या मनगटावर सांडली.

आता इथे धंद्यातली गोष्ट आहे, ती नीट सांगतो. छिन्नी दगड फोडते, कारण ती दगडाहून कडक असते. काळ्या कातळात माझी मेख टिकायची, कारण कातळ तिला तोडीस तोड होता. वाळूच्या दगडात माझी तीच मेख घावागणिक फट कोरत जाणार, स्वतःचीच जागा मोठी करणार. मला मेख कधी येतच नव्हती. मला छिन्नी येत होती आणि मी तिला भोक पाडून मेख म्हणत होतो. दोन पोती भरून साठ छिन्न्या मी वाळवंटात आणल्या होत्या आणि प्रत्येकीवर माझं नाव होतं.

हे मला त्या क्षणी कळलं. ते मी कुणालाही सांगितलं नाही. मेख गुपचूप परत त्याच जागी सरकवून ठेवली. स्वतःची समजूत घातली की चार फुटांवरचा दगड उन्हा-वाऱ्याने सैल झालेला असणार, वर पक्का असेल. गाळ्यात एखादी छिन्नी चुकली की मी गिऱ्हाईकाला अशाच सबबी सांगायचो, म्हणून सबबी तयारच होत्या.

पहिले चार पिच बरे गेले. भिंतीत माणूस शिरेल एवढी एक मोठी चीर होती, तिच्यात पाठ एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला लावून आम्ही सरकत वर गेलो. मेखांची फारशी गरज लागली नाही. दोर खडकांच्या टोकांना गुंडाळता आला. चौथ्या पिचच्या वर एक चांगला मोरीएवढा कट्टा मिळाला. तिथे आम्ही तिघांनी एका मोठ्या शिळेला स्वतःला बांधलं, पाणी प्यायलो आणि खाली पाहिलं. बॅनरवरचा फलंदाज पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसत होता. आयुष्यात मी इतका उंच कधी गेलो नव्हतो, आणि मला आनंद झाला होता, हेही खरं.

पाचव्या पिचला ती मोठी चीर संपली. वर फक्त बोटभर फट. इथून मेखा. अरविंदने खांद्यावर माझ्या मेखांची माळ घातली. हरेश्वरने तिच्यावर स्वतःचे दोन गाठीचे फास अडकवले.

“हे कशाला?” अरविंद म्हणाला.

“असूं दे रं. वजन काय हाय त्यांना.”

अरविंद वर गेला. हरेश्वर कंबरेमागून दोर घेऊन हळूहळू सोडत होता, मी शेजारी मान वर करून. पंधरा फुटांवर ती फट मुठीएवढी रुंद होऊन खाली पुन्हा निमुळती होत होती. अरविंदने हसत तिथे हरेश्वरची एक गाठ वरून आत सोडली, कडी लावली, दोर घातला. “घे, तुझं समाधान!” म्हणून वर सरकला. मग पहिली मेख. भद, भद, भद. मग आणखी वर दुसरी. भद. तिसरी. तेव्हा तो आमच्यापासून चाळीस फुटांवर होता. उजवा हात मेखेच्या कडीला, पाय दोन इंचाच्या कंगोऱ्यावर. हातोडा कंबरेला सोडून तो थांबला. बराच वेळ थांबला. मग ओरडला,

“दत्ता, कशी बसली रे?”

सकाळपासून जे तोंडात धरून ठेवलं होतं ते बोलायची ती जागा होती. ‘काढ ती, आणि खाली ये.’ एवढे पाच शब्द. पण खाली भाऊसाहेब दुर्बीण लावून उभे होते, फोटोग्राफर होता, साठ मेखा होत्या, त्यांच्यावर साठ द होते. आणि शेजारी हरेश्वर होता, ज्याला मी पापलेटवरून चिडवलं होतं. हे सगळं मला त्या वेळी एवढं नीट सुचलं नाही. तोंड उघडलं आणि सवयीने जे यायचं ते आलं.

“झकास!”

अरविंदने तिसऱ्या मेखेवर सगळा भार टाकला.

ती निघाली. आवाजसुद्धा झाला नाही. दुसरी निघाली, पहिली निघाली, शर्टाची बटणं तुटावीत तशा. अरविंद आमच्या समोरून खाली गेला, चष्मा त्याच्या मागून गेला, आणि कट्ट्याच्या दहा फूट खाली दोर ताठ झाला. हरेश्वर कंबरेत वाकला, पण त्याने दोर सोडला नाही. त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती. मी वर बघितलं. पंधरा फुटांवर ती गाठ फटीत होती. जोर आला तशी ती आणखी खाली, आणखी आत बसली होती. मऊ दगडाला मऊ दोर. तिने दगड कोरला नाही, फक्त धरला.

खालून अरविंद म्हणाला, “पाय गेला बहुतेक.”

“पाय जाऊं दे,” हरेश्वर म्हणाला, “तू हाएस ना?” आणि मला म्हणाला, “रडतंय काय? दोर धर.”

मी रडत होतो हे मला त्याने सांगितल्यावर कळलं.

अरविंदचा घोटा मोडला होता. त्याला माझ्या पाठीला बांधून चार पिच खाली उतरवायला संध्याकाळ झाली. उतरताना हरेश्वरने एकही मेख वापरली नाही आणि त्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. त्याने एखादी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. पायथ्याशी गावकऱ्यांनी खाट तयार ठेवली होती. त्या म्हाताऱ्याने अरविंदच्या डोक्याखाली स्वतःचा फेटा ठेवला आणि मला हळूच विचारलं, “कौन जीता?” मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्याने समाधानाने मान हलवली. ते बहुधा त्याच बाजूचे होते.

मुंबईला परतल्यावर कार्यकारिणीची बैठक झाली. मोहीम फसली असं कुणी म्हणालं तर पुढच्या वर्षी लोणचं मिळणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. खजिनदारांनी हिशोब मांडला की सातपैकी साडेचार पिच म्हणजे चौसष्ट टक्के, म्हणजे फर्स्ट क्लास. मोहीम यशस्वी ठरली. मुलुंडला एक हॉल घेऊन सत्कार ठरला. स्टेजवर खुर्च्या मोजक्या, त्यामुळे पदाधिकारी सगळे वर आणि हरेश्वर तिसऱ्या रांगेत, बायकोसोबत, दोन्ही हातांना पट्ट्या. अरविंद प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून माझ्या शेजारी.

भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, “एक माणूस चाळीस फुटांवरून कोसळतो आणि वाचतो! कशाने? मराठी माणसाच्या पोलादाने! मंडळी, साकीनाक्याच्या पोलादाने वाळवंटाला पाणी पाजलं!” टाळ्यांनी हॉल दणाणला. माझ्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला. मग निवेदकाने मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी माईकसमोर उभा राहिलो. समोर हरेश्वरची बायको त्याच्या पट्टीची सुटलेली गाठ बांधत होती. मी म्हणालो, “माझ्या मेखा निघाल्या. तिन्ही. अरविंदला हरेश्वर कोळींच्या दोराच्या गाठीने धरलं. हा सत्कार त्यांचा आहे.” आणि शाल काढून हातात घेतली.

भाऊसाहेब लगेच माईक ओढून म्हणाले, “पाहिलंत? हा विनय! मोठा कारागीर असाच बोलतो!” आणि पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जास्त. मी खाली उतरून शाल हरेश्वरच्या खांद्यावर ठेवली. तो ओशाळला, पुटपुटला, “बस रं, लोकं बघतान.” पुढच्या महिन्यात मला चार क्लबांकडून मेखांच्या ऑर्डरी आल्या. त्या मी घेतल्या नाहीत, आणि कारण सांगितलं तर त्यांनाही तो विनयच वाटला.

पण ते नंतरचं. स्टेजवर परत येऊन मी खुर्चीत बसलो तेव्हा मला फार हलकं वाटत होतं. भरल्या सभेत कबुली दिली, सुटलो असं वाटलं. आभारप्रदर्शन सुरू झालं. पेंटरपासून उंटवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार. अरविंद समोर बघतच, ओठ फारसे न हलवता म्हणाला,

“एक राहिलं सांगायचं.”

“काय?”

“मेख नीट बसली नाही, हे तुला आवाजावरून कळलं होतं ना?”

नारळाच्या शेंडीवरून मी बोट फिरवत राहिलो. बोरिवलीच्या कातळावर शंभर वेळा ज्याने माझ्या एका शब्दावर जीव टाकला होता, त्याच्याशी आता खोटं बोलणं शक्य नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “सकाळीच कळलं होतं. पायथ्याशीच.”

“मलाही कळलं होतं,” अरविंद म्हणाला. “माझ्या हातातच होती ती.”

“मग विचारलंस कशाला?”

खाली टाळ्या वाजत होत्या, म्हणून त्याला थोडं मोठ्याने बोलावं लागलं.

“एवढ्या लोकांसमोर मला आपणहून उतरवेना रे. म्हटलं, तू तरी उतर म्हणशील.”